एक कार्ड, दोन चुली

दसरा उरकला की जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतली कित्येक गावं आणि तांडे ओस पडू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते. पिठाची पोती, परात, तवा, अंथरुणं, ताडपत्री, शेळ्या आणि लेकरं ट्रॉलीत भरून ऊसतोडीच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे, नाहीतर कर्नाटकात उतरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. ऊसतोडीचा विषय निघाला की बीडचं नाव आधी येतं, पण जालना त्याच पट्ट्यातला आहे. शिवाय या जिल्ह्याचं एक वेगळेपण आहे. दक्षिणेकडे गोदावरी आणि जायकवाडीचा डावा कालवा यांच्या पाण्यावर ऊस उभा राहतो, अंकुशनगर आणि तीर्थपुरीला साखर कारखाने आहेत. म्हणजे ज्या जिल्ह्यातून माणसं तोडीला बाहेर जातात, त्याच जिल्ह्यात दुसरीकडच्या टोळ्या येऊन कोप्या, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्या, घालतात. राज्यातल्या ऊसतोड कामगारांची संख्या कोणी आठ लाख सांगतं, कोणी त्याहून बरीच जास्त. एवढ्या माणसांची चूल पाच-सहा महिने कशावर पेटते आणि रात्री कोपीत उजेड कुठून येतो, हे ऊसदराच्या आंदोलनात कोणी विचारत नाही आणि एफआरपीच्या, म्हणजे उसाच्या किमान दराच्या, वादातही नाही.

हाच प्रश्न जगात निर्वासितांच्या छावण्यांबद्दल गेली काही वर्षं विचारला जातो आहे. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेने 2015 मध्ये केलेल्या पाहणीचा निष्कर्ष असा होता की छावण्यांतल्या दहापैकी आठ-नऊ माणसांना वीज मिळत नाही आणि बहुतेकांचा स्वयंपाक लाकूडफाट्यावर चालतो. अन्न, पाणी, तंबू यांची मोजदाद होते. अन्न शिजवायला लागणाऱ्या सरपणाची होत नाही. ऊसतोडीच्या तळाला छावणी म्हणणं काहींना अतिशयोक्ती वाटेल. हे लोक आपल्या मर्जीने जातात, त्यांना घर आहे, गाव आहे, ते परत येतात, असा आक्षेप येईल. कायद्याच्या भाषेत तो बरोबर आहे. पण सरासरी सातशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस, त्यातही मोठे खंड, 2012-13 सारखा दुष्काळ आणि आधीच खर्च झालेली उचल, एवढं सगळं मागे लागल्यावर मर्जी कितीशी उरते? आणि चुलीपुढे बसलेल्या बाईला तिच्या स्थलांतराची कायदेशीर व्याख्या काय आहे याने काही फरक पडत नाही. ताडपत्री आणि पाचटाची (उसाच्या वाळलेल्या पाल्याची) कोपी, दूरवरचं पाणी, शेजारच्या गावाचा संशय, मालकी नसलेली जागा आणि ठरावीक मुदतीचा मुक्काम, ही सगळी लक्षणं छावणीचीच आहेत. म्हणून छावण्यांच्या बाबतीत जग जे शिकलं ते आपल्या उपयोगाचं आहे.

कोपीतला दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. फडात जायच्या आधी नवराबायको आणि लेकरांच्या दिवसभराच्या भाकरी थापून व्हायला हव्यात. म्हणजे सगळा स्वयंपाक अंधारात: सूर्य उगवण्याआधी आणि फडातून परतल्यावर, सूर्य मावळल्यानंतर. सरपण म्हणजे बांधावरच्या काटक्या, बाभळीचा फाटा, तुराट्या, आणि काहीच नसलं तर पाचट. पाचट भडकन पेटतं, क्षणात विझतं आणि भरपूर धूर करतं. तीन दगडांच्या चुलीत सरपणातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग भांड्याला लागतो, बाकीचा वाऱ्यावर जातो. धूर मात्र कोपीतच राहतो, आणि त्याच कोपीत तान्हं मूल झोपलेलं असतं. घरातल्या चुलीच्या धुरामुळे 2020 मध्ये जगात सुमारे 32 लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरपण गोळा करायला जाणं हे वेगळंच दुखणं. बारा-चौदा तासांच्या कष्टानंतर परक्या शिवारात बांधावरून हिंडायचं, शेतकऱ्याची बोलणी खायची आणि बाई असेल तर त्याहून वाईटाची भीती बाळगायची. उजेडाचं म्हणाल तर रेशनचं रॉकेल आटत गेलं तशी चिमणी गेली, तिची जागा मोबाइलच्या टॉर्चने आणि सेलच्या बॅटरीने घेतली. तो मोबाइल चार्ज करायलाही रस्त्यावरच्या दुकानात पैसे मोजावे लागतात. उसाच्या फडाशेजारी, पाचटावर झोपणाऱ्या माणसाच्या बाबतीत साप-विंचू दिसणं की न दिसणं हा जिवाचा प्रश्न असतो, म्हणून उजेड ही इथे चैन नाही.

यावर सहज उत्तर येतं की सरकारने गॅस दिला आहे, घरोघर वीज दिली आहे. ते खोटं नाही. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली, सप्टेंबर 2017 मध्ये सौभाग्य योजनेतून वीजजोडण्या सुरू झाल्या, 2024 मध्ये महाराष्ट्राने अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत दिले. जालन्यातल्या तांड्यावरच्या घरात शेगडी आहे, बल्ब आहे. पण ते गावाकडच्या घरात आहेत. कुटुंब पाच-सहा महिने दोन ठिकाणी राहतं: म्हातारी माणसं आणि शाळेतली काही मुलं गावात, बाकीचे कोपीत. सिलिंडर तळावर न्यावा तर गावाकडची चूल विझते, न न्यावा तर कोपीतली धुमसते. ऑगस्ट 2021 मध्ये उज्ज्वलाचा दुसरा टप्पा आला तेव्हा स्थलांतरितांसाठी एक चांगली सोय झाली. पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचं घोषणापत्र चालेल, असं ठरलं. धोरण आखणाऱ्यांना प्रश्न दिसला होता, हे मान्य करायला हवं. तरीही घरात आधीची जोडणी नसावी ही अट कायम राहिली, आणि अन्नपूर्णेचा लाभही 14.2 किलोच्या जोडणीलाच मिळतो. ट्रॉलीतून नेता येईल, फडाबरोबर हलवता येईल असा सिलिंडर पाच किलोचा. तो बाजारात मिळतो, पण या लाभाबाहेर. रेशनच्या बाबतीत आपण ही अडचण सोडवली. एका कार्डावर गावात आजीने धान्य घ्यावं आणि उरलेलं मुलाने कोल्हापुरात घ्यावं, ही सोय आज आहे. धान्य माणसाच्या मागे गेलं, ते शिजवायचं इंधन मात्र पत्त्यालाच बांधलेलं राहिलं. एक कार्ड आणि दोन चुली हे वास्तव योजनेने मान्य केलं तर अर्धं काम होईल. चार माणसांच्या कुटुंबाला मोठा सिलिंडर साधारण दीड महिना पुरतो, म्हणजे पाच महिन्यांच्या हंगामाला तीन-चार. तेवढाच गॅस पाच किलोच्या सिलिंडरमधून, कारखाना परिसरातल्या वितरकाकडून, अनुदानासह मिळावा, एवढंच मागणं आहे.

विजेचा हिशेब त्याहून सोपा आणि त्याहून लाजिरवाणा आहे. ऊस गाळल्यावर उरणारं चिपाड, म्हणजे बगॅस, हे उसाच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के भरतं. सहवीजनिर्मितीचे कारखाने ते उच्चदाबाच्या बॉयलरमध्ये जाळून वीज करतात, स्वतः वापरतात आणि उरलेली वीज ग्रिडला विकतात. अशा कारखान्यात एका टन उसामागे शंभर युनिटच्या आसपास वीज होते. आता कोपीची गरज पाहू. नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे रोज सहा तास आणि एका मोबाइलचं चार्जिंग, मिळून दिवसाला फार तर 0.13 युनिट. दीडशे दिवसांच्या हंगामाचे झाले वीस युनिट. म्हणजे एका कोपीला अख्ख्या हंगामाचा उजेड द्यायला दोनशे किलो उसातून निघणारी वीज पुरते. एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. दोनशे किलो तोडायला त्यांना तास-दीड तास लागत असेल. ज्यांच्या हातून वीज सुरू होते त्यांना त्यातल्या तासाभराच्या कामाएवढी वीज परत मिळत नसेल, तर तंत्रज्ञान महाग आहे ही सबब टिकत नाही. काही कारखान्यांनी गाडीतळावर खांब आणि दिवे दिले आहेत. म्हणजे हे होऊ शकतं. पण ते कारखान्याच्या मर्जीवर आहे, आणि कारखान्यापासून लांब, फडाजवळ उतरणाऱ्या टोळ्यांपर्यंत ते पोचतच नाही.

अशा लांबच्या टोळ्यांसाठी सौरदिवा हा उपाय आहे, आणि छावण्यांचा अनुभव इथे नेमका कामाला येतो. जॉर्डनमधल्या अझरक छावणीत 2017 मध्ये सौरवीज केंद्र उभं राहिलं आणि हजारो सीरियन कुटुंबांच्या निवाऱ्यात दिवे लागले. पण अझरक जागचं हलत नाही, आपल्या टोळ्या हलतात. आपल्याला केंद्र नको, कोपीच्या बांबूवर टांगता येईल असं पॅनेल आणि दिवा हवा. दिवे वाटून फोटो काढायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि तीन महिन्यांत बॅटरी गेली की दिवा कोपऱ्यात पडतो, हेही जुनंच. आयआयटी मुंबईच्या सौरदिव्यांच्या प्रकल्पात गावातल्या बायकांनाच दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवलं गेलं. तोच मार्ग इथे लागू पडतो. प्रत्येक टोळीत एकीला दुरुस्ती येत असेल आणि तिच्याकडे सुटे भाग असतील, तरच दिवा हंगामभर टिकेल.

स्वयंपाकासाठी एक देशी तंत्रही आपल्याच राज्यात तयार झालं. पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटाचा भट्टीत कोळसा करून त्याच्या वड्या पाडण्याची पद्धत विकसित केली. त्या कामाला 2002 मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. मूठभर वड्यांवर वरण-भात-भाजी शिजवणारा त्यांचा सराई कुकरही पुष्कळांना माहीत आहे. हेक्टरी दहा टनांच्या आसपास पाचट निघतं, त्यामुळे कच्च्या मालाची वाण नाही. तरीही मला वाटतं की हे एकटं उत्तर होणार नाही, आणि त्याचं कारण भाकरी. कुकरमध्ये भात होतो, भाकरी होत नाही. तिला तवा लागतो, मोठी आच लागते आणि फुगवायला निखारा किंवा ज्योत लागते. सौरचुलीचंही तेच: पहाटे तीनला सूर्य कुठला आणायचा? ऊसतोडणीचं जेवण म्हणजे भाकरी आणि कोरड्यास. भाकरी न भाजणारी शेगडी कितीही कार्यक्षम असली तरी तळावर अडगळ ठरते. सुधारित चुलींच्या सरकारी कार्यक्रमातल्या बऱ्याच चुली पुढे अशाच पडून राहिल्या. शिवाय कोळशाचा धूर दिसत नाही, पण बंद कोपीत त्याचा वायू जीव घेऊ शकतो. आणि पाचट जाळू नका, खोडव्यात कुजवा, असं कृषी खातं शेतकऱ्याला सांगतं ते योग्यच आहे. म्हणून वड्या कराव्यात त्या फक्त जिथे नाहीतरी काडी लावली जाणार आहे त्या फडातल्या पाचटाच्या, आणि वापराव्यात त्या उघड्यावर, वरण-भातासाठी, पाणी तापवण्यासाठी. भाकरीला गॅसच हवा.

गॅस आणि पाचटाची कोपी हे आगीला आमंत्रण, असं कोणी म्हणेल. भीती रास्त आहे, पण आज त्याच कोपीच्या तोंडाशी उघडा जाळ पेटतो आणि ठिणग्या उडतात. तळावर पत्र्याचं छत आणि ओटे असलेली शेड उभी केली तर हा धोका दोन्हीकडून कमी होतो. शेड सामाईक, शेगडी मात्र ज्याची त्याची, कारण पहाटे सगळ्या जणी एकाच वेळी भाकरी थापतात. गॅस परवडणार नाही, हा दुसरा आक्षेप. बांगलादेशात कॉक्स बाजारला 2017 मध्ये लाखो रोहिंग्या निर्वासित आले तेव्हा सरपणासाठी आसपासचे डोंगर बोडके झाले. पुढच्या वर्षापासून तिथे कुटुंबांना शेगडी आणि गॅस द्यायला सुरुवात झाली, लाकडाची मागणी झपाट्याने घटली आणि डोंगरांवर पुन्हा झाडी धरू लागली. शेजारच्या देशात, आपल्याहून कितीतरी मोठ्या संकटात हे जमलं. तिसरा आक्षेप असा की आता तोडणीयंत्रं आली आहेत, मग कशाला खर्च? लहान वाफे, आडवा पडलेला ऊस आणि चिखलाची रानं यांमुळे बराचसा ऊस अजून कोयत्यानेच तुटतो. आणि उद्या यंत्र आलं तरी सिलिंडर, शेगडी, सौरदिवा त्या कुटुंबाच्याच कामी येणार आहे.

उरतो तो कारखान्यांचा मुद्दा: हे कामगार आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. कागदावर तसं असेलही. पण तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखानाच शेतकऱ्याच्या बिलातून कापतो आणि कोणत्या दिवशी कोणत्या फडात टोळी जाईल हेही कारखान्याची स्लिपच ठरवते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तो साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या बोलणीतून. ज्यांच्याशी दराचा करार होतो, त्यांच्या चुलीची आणि दिव्याची जबाबदारी नाकारता येत नाही. पैशाची वाटही तयार आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे रक्कम घेण्याचं धोरण ठरलेलं आहे, शिवाय मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं सुरू झाली. त्याच निधीतून तळावरची शेड, मीटर आणि पाच किलोचे सिलिंडर का येऊ नयेत?

दर हंगामाआधी प्रत्येक कारखाना पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे गाळप परवान्यासाठी अर्ज करतो. शेतकऱ्यांची एफआरपी थकवणाऱ्या कारखान्यांचे परवाने आयुक्तालयाने याआधी अडवून धरले आहेत. त्याच अर्जात दोन रकाने वाढवावेत: तुमच्याकडे किती कोप्या उतरणार, आणि त्यांपैकी किती कोप्यांना दिवा आणि गॅस मिळणार. दुसरा आकडा पहिल्याएवढा झाल्याशिवाय बॉयलर पेटवायला परवानगी देऊ नये.