मीटरवर न दिसणारे पाणी

कारखान्याच्या नळजोडणीपुरताच पाण्याचा धोका मोजणाऱ्या कंपनीच्या हिशेबातून त्याचा मोठा भाग निसटतो. डच अभ्यासक आर्येन हूकस्ट्रा यांनी २००२ मध्ये मांडलेल्या ‘जलपदचिन्ह’ संकल्पनेनुसार, म्हणजे कच्च्या मालापासून तयार वस्तूपर्यंतच्या एकूण पाण्याच्या मोजणीनुसार, एका सुती टी-शर्टमागे जागतिक सरासरीने सुमारे २,५०० लिटर पाणी लागते आणि त्यातील बहुतांश शेतातच खर्ची पडते. ही सरासरी मात्र जपूनच वापरावी लागते. विदर्भातील बहुतेक कापूस कोरडवाहू, म्हणजे केवळ पावसावर पोसलेला असल्याने तेथे खरा धोका ऐन पाते-बोंडे धरताना पावसाने दिलेल्या ताणाचा असतो, तर ओलिताच्या कापसात तो आटत्या विहिरींचा असतो. कापूस कोणत्या तालुक्यातून येतो हेच ठाऊक नसेल, तर गिरणीतील सांडपाण्याच्या पुनर्वापराने हा धोका तसूभरही घटत नाही.