"लालच होती ना गाडी?"

गेल्या पावसाळ्यात जुनी इंदूरमधल्या आमच्या गल्लीत एक स्कूटर शेजारच्या आजींना धक्का देऊन पळाली. माझा पाच वर्षांचा भाचा ओट्यावरच होता. आधी तो एवढंच म्हणाला, "गाडी आली, आजी पडल्या." मग आम्ही सगळे सुरू झालो. "लालच होती ना गाडी?" "हो." झालं! संध्याकाळपर्यंत लाल स्कूटरवाल्या एका पोरावर गल्लीभर संशय. कॅमेऱ्यात पाहिलं, तर गाडी पांढरी.

भाचा खोटं बोलला नव्हता. त्याचं पहिलं वाक्य खरंच होतं. पण लहान मुलं मोठ्यांच्या 'ना'ला चटकन 'हो' म्हणतात. तोच प्रश्न पुन्हा आला, की आपलं चुकलं समजून उत्तर बदलतात. हळूहळू ऐकलेलंही पाहिल्यासारखं आठवू लागतं.

मग मुलांवर विश्वासच ठेवू नये? तसं नाही. साक्षीसाठी कायद्यात वयाची अट नाही. मध्य प्रदेशातल्या बलवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली, घटनेच्या वेळी सात वर्षांच्या असलेल्या मुलीची साक्ष ग्राह्य धरली. साक्ष पढवलेली नाही ना, हे मात्र न्यायालयाला तपासावं लागतं.

आपण घरी एवढंच करावं : "काय झालं, सांग," म्हणावं आणि गप्प बसावं.

त्या पोराची माफी मागायची आमची अजून राहिली आहे.