गांजाविषयी सत्तर प्रश्न

गांजा ओढला की माणूस वेडा होतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. ती खरी की खोटी, हे तपासायला एकेकाळी सरकारने देश पालथा घातला होता, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

1893 साली विल्यम केन या मद्यपानविरोधी खासदाराने ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातल्या गांजाच्या परिणामांच्या चौकशीचा आग्रह धरला. सरकारने सात जणांचा आयोग नेमला. त्यात तिघे हिंदी होते. आयोगाने सत्तर प्रश्नांची यादी तयार केली आणि 1,193 साक्षी नोंदवल्या. डॉक्टर, अधिकारी, शेतकरी, व्यापारी, सगळ्यांना बोलतं केलं. 1894 चा अहवाल तीन हजारांहून अधिक पानांचा झाला!

त्यातला सर्वांत थरारक भाग वेड्यांच्या इस्पितळांचा. 1892 साली दाखल झालेल्यांपैकी 222 जणांच्या वेडाचं कारण वह्यांमध्ये ‘गांजा, भांग, चरस’ असं लिहिलेलं होतं. आयोगाने वह्यांवर विश्वास न ठेवता एकेका रुग्णाच्या पूर्वायुष्याची चौकशी केली. तेव्हा उलगडा झाला, की दाखल करताना कारणाचा रकाना भरावाच लागे, आणि रुग्ण गांजा ओढतो एवढं कळलं की पोलीस तेच कारण लिहून मोकळे होत. छाननीनंतर 222 पैकी 98 उरले. निम्म्याहून अधिक वेड केवळ कागदावरचं होतं!

गांजा निरुपद्रवी आहे, असं आयोग म्हणाला नाही. अतिसेवन घातकच, पण बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही. सरसकट बंदी घातली तर लोक दारूकडे किंवा त्याहून घातक नशेकडे वळतील, हा त्याचा निष्कर्ष. त्याऐवजी कर, परवाने, मोजकी दुकानं आणि जवळ बाळगण्यावर मर्यादा घाला, असं त्याने सुचवलं. सरकारला गांजावरच्या करातून आधीपासूनच महसूल मिळत होता, हे खरंच. पण त्यामुळे साक्षी-पुराव्यांचं वजन कमी होत नाही.

पुढे 1985 साली भारताने एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा केला. त्यात झाडाचा शेंडा आणि फुलोरा म्हणजे गांजा, तो गुन्हा. नुसती पानं मात्र व्याख्येबाहेर. म्हणून एकाच झाडाची भांग काही राज्यांत परवानाधारक दुकानात मिळते आणि गांजासाठी तुरुंगवास होतो. स्वतःपुरता ओढणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उपचार मागणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारं कलमही त्याच कायद्यात आहे, पण तिथे पोहोचायच्या आधीच तो आरोपी झालेला असतो.

व्यसन हा आजार आहे आणि आजाऱ्याची जागा दवाखान्यात आहे. नशा करणाऱ्याला तुरुंगात धाडणारी तरतूद रद्द व्हायला हवी. आणि नवा कायदा करण्याआधी सरकारने त्या आयोगासारखे प्रश्न घेऊन पुन्हा एकदा लोकांपर्यंत गेलं पाहिजे.