ड्रॉइंग पिन आणि आठ राजीनामे

दारातल्या कसल्याशा टोकदार धातूने एका सेक्रेटरीचा हात कापला. साहेबांना वाटलं, हा घातपातच! गुन्हेगार शोधायला कर्मचाऱ्यांची लाय डिटेक्टर चाचणी घ्यायचा हट्ट त्यांनी धरला. शेवटी शेल्डन रॉबर्ट्स या त्यांच्याच शास्त्रज्ञाने तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. निघाली काय, तर डोकं तुटलेली ड्रॉइंग पिन.

हे साहेब म्हणजे विल्यम शॉकली. ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एक. त्याच वर्षी त्यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूला प्रयोगशाळा थाटली. माणूस हेरावा तर शॉकलींनीच! रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, झाँ होर्नी अशी एकाहून एक तरुण मंडळी त्यांनी गोळा केली. हाताशी सिलिकॉनसारखं नवंकोरं क्षेत्र आणि शिकवायला खुद्द शॉकली. अशी नोकरी कोण सोडेल?

पण हेरलेल्या माणसांवर विश्वास टाकणं त्यांना जमेना. कुणी निष्कर्ष आणून दाखवला, की ते बेल लॅब्जमधल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करून तो खरा की खोटा ते विचारत. मग सिलिकॉन ट्रान्झिस्टर बाजूला सारून त्यांनी आपल्या लाडक्या चार थरांच्या डायोडचा ध्यास घेतला. अर्धं डोकं स्फटिकात आणि अर्धं साहेबांच्या मूडमध्ये, अशा अवस्थेत संशोधन कसं व्हायचं? मंडळींनी पैसा पुरवणाऱ्या अर्नोल्ड बेकमनकडे गाऱ्हाणं नेलं, पण साहेब जागचे हलले नाहीत.

सप्टेंबर १९५७ मध्ये आठ जणांनी एकदम राजीनामे दिले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी राहिली. तिथे १९५९ मध्ये होर्नीने चिप बनवण्याची प्लेनर पद्धत काढली आणि नॉइसने त्याच पायावर इंटिग्रेटेड सर्किटची कल्पना मांडली. १९६८ मध्ये नॉइस आणि मूर यांनी इंटेल काढली. शॉकलींच्या कंपनीला मात्र नफ्याचं तोंड कधी दिसलंच नाही.

मला सगळ्यात थक्क करतं ते एक पत्र. या गटातल्या युजीन क्लायनरने ते न्यूयॉर्कच्या एका दलाली पेढीला लिहिलं होतं. त्यात कंपनी काढायला भांडवल मागितलंच नव्हतं. कंपनी काढायचं सुचवलं ते पेढीतल्या आर्थर रॉकने. या मंडळींना हवी होती फक्त नोकरी: सगळ्यांना एकत्र घेईल असा, जरा बरा मालक.