६० एफपीएस, तरी गेम अडकतो कसा?

समजा, तुम्हाला दोन ग्राफिक्स कार्डांपैकी एक घ्यायचंय. जेआरएफ महिना ३७,००० रुपये, त्यातला मोठा वाटा कार्डातच जाणार. म्हणजे निवड चुकवून चालणार नाही. सायबरपंक २०७७ सारख्या जड गेममध्ये दोन्हींची सरासरी ६० एफपीएस दिसते, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम. मग दोन्ही सारखीच?

हिशेब करून बघा. पहिलं कार्ड प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत काढतं. दुसरं ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत काढतं आणि उरलेल्या एका फ्रेमला ४१० मिलिसेकंद लावतं. दोन्हीकडे सेकंदाला ६० फ्रेमच झाल्या. पण दुसऱ्या कार्डावर जवळजवळ अर्धा सेकंद चित्र गोठलं!

कळव्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे स्लो लोकलच थांबते. समजा तासाला १२ गाड्या, म्हणजे सरासरी ५ मिनिटांनी एक. आता ११ गाड्या ३-३ मिनिटांनी आल्या आणि बारावीने २७ मिनिटं घेतली, तरी सरासरी ५ च. फलाटावरच्या माणसाला मात्र ती २७ मिनिटंच लक्षात राहतात.

म्हणूनच २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसन यांनी प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ मोजायला हवा, हे ठासून मांडलं. आता परीक्षणांत सरासरीशेजारी '१ टक्का लो' हा आकडा असतो: सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा वेग. तो काढायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत, त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवण्याआधी व्याख्या तपासा.

स्वतः मोजणार असाल तर:

१. कार्ड सोडून काहीच बदलू नका. प्रोसेसर, सेटिंग, दृश्य तेच हवं. गेममधलाच बेंचमार्क वापरला की दृश्य आपोआप तेच राहतं.

२. अडतंय कुठे ते बघा. कमी रिझोल्यूशनवर बऱ्याचदा प्रोसेसरच मागे पडतो. मग दोन कार्डं सारखी दिसतात, कारण तुम्ही मोजलेला असतो प्रोसेसर.

३. फ्रेम जनरेशन बंद ठेवा. त्यात मधल्या फ्रेम तयार करून घातल्या जातात. आकडा फुगतो, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद तितका जलद होत नाही.

४. खोलीचं तापमान नोंदवा. मे महिन्यातल्या दुपारी कार्ड जास्त तापतं आणि स्वतःचा वेग कमी करू शकतं. कार्ड आधी गरम होऊ द्या, पहिला रन सोडा, पुढचे पाच घ्या.

आता एका कार्डाचे पाच रन ५८ ते ६२ मध्ये पसरलेत आणि दुसऱ्याची सरासरी ६१ आली, तर 'दुसरं सरस' असं म्हणता येणार नाही. तो फरक पहिल्याच्या स्वतःच्या चढउतारात बुडालाय.

उद्या प्रयोगशाळेत तुमच्यासमोर कार्डाऐवजी सेन्सर असेल किंवा एखादा अल्गोरिदम. तिथेही नुसती सरासरी दाखवणारा तक्ता दिसला, की दोन प्रश्न विचारा: पसारा किती? आणि सर्वांत वाईट वेळी काय झालं?