मुलीच्या दारात स्वतःचं घर

चौतीस फुटी मोटरहोम ड्राइव्हवेत उलटी घ्यायची, तर निम्मं काम चालवणाऱ्याचं आणि निम्मं मागे उभं राहून हात दाखवणाऱ्याचं. आमच्या शेजारणीचे वडील स्टिअरिंगवर असतात आणि आई मागे. नियम एकच: गाडीच्या आरशात त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला, म्हणजे त्याही नवऱ्याला दिसत नाहीत, आणि मग गाडी जागच्या जागी थांबते. ओरडाओरडा नाही, फोन नाही. त्यांचे दोन्ही हात वर, तळवे समोरासमोर. तळव्यांमधलं अंतर कमी होत जातं तसतशी गाडी सावकाश मागे येते. मुठी वळल्या की ब्रेक. कोपऱ्यावरच्या ओकची फांदी छतावरच्या एसीला घासू नये म्हणून कुणीतरी शेजारी लांब काठीने ती उचलून धरतो. बरेचदा ते काम माझ्याकडे येतं.

थँक्सगिव्हिंगचा सण येतो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. त्याच्या दोन-चार दिवस आधी हे दोघे नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या कॅरी गावात पोचतात आणि नवीन वर्ष लागलं की फ्लोरिडाच्या उबेकडे निघतात. वडील पेनसिल्व्हेनियात वीज कंपनीत लाइनमन होते, आई शाळेच्या ग्रंथालयात. निवृत्तीनंतर त्यांनी घर विकलं. आता वर्षभर राहतात ते याच गाडीत. अमेरिकेत असे निवृत्त लोक पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी वाचायला मिळतं ते बहुतेक वाळवंटाचं, समुद्रकिनाऱ्याचं आणि मोकळ्या रस्त्याचं. मला मात्र त्यांच्या वर्षातले हेच सहा आठवडे सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. इथे गाडी लांब कुठे जात नाही, आणि ते दोघे मुलीच्या घरचे पाहुणेही होत नाहीत. दहा पावलांवर मुलगी, नातवंडं, आणि रात्री लावायला स्वतःचं दार. हे दिसायला सोपं दिसतं. प्रत्यक्षात त्याच्यामागे रोजचे कष्ट असतात आणि ते मी जवळून पाहिले आहेत.

गाडी जागेवर आली की पहिलं काम ती समतल करण्याचं. ड्राइव्हवे डांबरी आहे, त्यात जॅक रुतू नयेत म्हणून खाली लाकडी ठोकळे. आत ओट्यावर पाणसळ ठेवून वडील बुडबुडा मधोमध येईपर्यंत जॅक वरखाली करतात. मला आधी वाटायचं की हे झोपेच्या सोयीसाठी असेल. खरं कारण फ्रिज. त्यांच्या गाडीतला फ्रिज गॅसवर किंवा विजेवर चालतो, पण त्यात कॉम्प्रेसर नाही. उष्णतेने अमोनियाची वाफ होते, ती गार होऊन नुसत्या उताराने परत खाली येते. गाडी कलती राहिली, तर तो द्रव मध्येच कुठेतरी साचतो, फ्रिज गार होत नाही आणि पुढे कायमचा बिघडतो. गाडी समतल झाली की बटण दाबून बैठकीची भिंत बाहेर सरकते आणि बोळकांडीएवढ्या जागेची खोली होते.

मग वीज. कॅम्पग्राउंडवर अशा गाडीला 50 ॲम्पिअरचा पॉइंट मिळतो, म्हणजे 12,000 वॅटपर्यंत. मुलीच्या गॅरेजमधल्या प्लगमागे आहे 20 ॲम्पिअरचा ब्रेकर. अमेरिकेत घरातली वीज 120 व्होल्टची, त्यामुळे गणित तोंडी होतं: 2,400 वॅट, आणि सतत चालवायचं तर त्याच्या 80 टक्केच. एक साधा हीटर 1,500 वॅट खातो. कॉफीचं मशीन जवळजवळ हजार. म्हणजे हीटर आणि कॉफी एका वेळी चालायची नाही. वडिलांनी जाड तारेची खास वायर ठेवली आहे, कारण बारीक एक्स्टेन्शनवर एवढा भार टाकला तर वायर तापते. पहिल्या दिवशी ते अधूनमधून प्लगला हात लावून बघतात. आयुष्यभर खांबावर चढलेल्या माणसाचा हात आहे तो, ऊब कुठवर चालेल हे त्याला कळतं.

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी या गणिताची कसोटी लागते. टर्की मुलीच्या मोठ्या ओव्हनमध्ये जाते आणि तो ओव्हन दुपारपर्यंत अडकलेला. ‘पाय’ नावाचे गोड पदार्थ मात्र गाडीत होतात, भोपळ्याचे आणि पिकॅनचे. गाडीतला ओव्हन गॅसवरचा, लहानसा, एकाच जागी जाळ लागणारा. खालची बाजू करपते आणि वर कच्चं राहतं. आईंनी त्यावर तोड काढली आहे. तळाशी पिझ्झा भाजायचा दगड ठेवायचा, तो आधी नीट तापू द्यायचा, आणि अर्ध्या वेळेला भांडं फिरवायचं. दुसरा पाय गाडीतल्याच विजेच्या ओव्हनमध्ये. तो लावण्याआधी त्या मोठ्याने सांगतात, ‘हीटर बंद!’ आणि वडील स्वेटर चढवतात. मी दारात उभी राहून हे बघितलं आहे. इतक्या लहान ओट्यावर इतकं काम निघतं, कारण तिथे हात फिरवायला जागाच नाही. एक भांडं वापरलं की धुऊन, पुसून खणात गेलंच पाहिजे. खणांना कड्या आहेत, आतल्या ताटल्यांमध्ये कापडाचे तुकडे घातलेले. प्रवासात काहीही वाजता कामा नये.

पाणी हा सगळ्यांत अवघड भाग. स्वच्छ पाण्याची एक टाकी, ओट्याच्या आणि अंघोळीच्या सांडपाण्याची दुसरी, संडासाची तिसरी. बागेच्या नळाला पिण्याच्या पाण्याची वेगळी नळी जोडायची, आणि नळाशी दाब कमी करणारा पितळी जोड, नाहीतर गावच्या पाण्याच्या जोराने गाडीतले प्लास्टिकचे पाइप फुटायचे. डिसेंबरात आमच्याकडे रात्री पारा शून्याखाली जातो. नळी बाहेर राहिली तर सकाळी आत बर्फाची कांडी. म्हणून संध्याकाळी टाकी भरून घ्यायची, नळी सोडवायची, खांद्याच्या उंचीवर धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत तिच्यातलं पाणी काढायचं आणि गुंडाळून ठेवायची. सकाळी ऊन आलं की परत जोडायची. हे रोज.

टाक्या रिकाम्या करायला मात्र अख्खं घर आवरून न्यावं लागतं. सांडपाण्याची टाकी आधी भरते, म्हणून नातवंडांना आजीकडे हात धुताना नळ सोडून ठेवायची बंदी आहे. मुलीच्या घरी अंघोळ करून गाडीची टाकी वाचवायची, हाही एक उपाय. तरी आठवड्या-दीड आठवड्याने वेळ येतेच. भिंत आत, जॅक वर, वायर गुंडाळली, आणि हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर. तिथे जमिनीत झाकण असलेलं तोंड असतं, त्यात जाड नळी बसवायची. मैल्याची झडप आधी उघडायची, सांडपाण्याची नंतर. साबणाच्या पाण्याने नळी आपोआप खळबळून निघते. आणि मैल्याची झडप एरवी कधीही उघडी ठेवायची नाही. ठेवली तर पाणी निघून जातं आणि घट्ट ते टाकीतच डोंगरासारखं साचून वाळतं. वडील हे सगळं हातमोजे घालून, घाई न करता करतात. मी एकदा बरोबर गेले होते. या कामाबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर किळस दिसली नाही, की त्यांनी ते थट्टेवारीही नेलं नाही. त्याच फेरीत तळाशी पक्की बसवलेली गॅसची टाकी भरून घेतात, कारण ती काढून नेता येत नाही.

वसाहतीच्या असोसिएशनच्या नियमाप्रमाणे मोटरहोम ड्राइव्हवेत फार दिवस सलग ठेवता येत नाही. त्यामुळे थँक्सगिव्हिंगचे काही दिवस इथे, मग जॉर्डन तलावाकाठच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर, आणि नाताळच्या आधी परत, अशी वाटणी असते. गाडीमागे ओढून आणलेली छोटी कार असते, ती मुलीच्या घरी जायला-यायला. नातवंडं शुक्रवारी संध्याकाळी तलावावर राहायला जातात. जेवणाचं टेबल खाली पाडून त्याचाच पलंग होतो आणि त्यावरून भांडणं होतात.

डरहॅमला मित्राकडे जायचं असलं तरी मोठी गाडी निघत नाही. तिथे ग्रेगसन रस्त्यावर रेल्वेचा एक पूल आहे. त्याखालची मोकळी उंची 11 फूट 8 इंच होती. ट्रक त्यावर इतके आपटत, की तो पूल देशभर माहीत झाला. 2019 मध्ये तो उचलून 12 फूट 4 इंच केला. आमच्या शेजारच्या गाडीची उंची एसीसकट 12 फूट 6 इंच. हा आकडा वडिलांनी स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेवला आहे.

बाहेरून सण दिसतो, पण डिसेंबरात या घरात निम्मे दिवस कागदपत्रांचे आणि डॉक्टरांचे असतात. पासष्टीपुढच्यांच्या सरकारी आरोग्य विम्यात, मेडिकेअरमध्ये, पुढल्या वर्षासाठी योजना बदलायची मुदत 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर. फिरत्या माणसाला ही निवड जपून करावी लागते. मूळ मेडिकेअर देशात जवळपास कुठेही चालतं. खाजगी कंपन्यांमार्फतच्या योजनांना डॉक्टरांची ठरावीक यादी असते आणि ती बहुधा एका भागापुरती. जेवणानंतर मुलगी लॅपटॉप घेऊन बसते, वडील चष्मा घेऊन. दातांची तपासणी, डोळे, रक्त, सगळं याच काळात, कारण वर्षभरात एका गावात इतके दिवस ते दुसरीकडे कुठे नसतात.

त्यांचा कायमचा पत्ता टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टन गावचा आहे. तिथे ते राहत नाहीत. 1978 मध्ये जो आणि के पीटरसन या दांपत्याने फिरत्यांसाठी एस्केपीज नावाचा क्लब काढला, त्याचं मुख्य ठाणं लिव्हिंग्स्टनला आहे. सभासदांची टपाल तिथे जमा होते आणि सांगाल त्या गावी पाठवली जाते. टेक्ससमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे गाडीची नोंदणी, लायसन्स, मतदान सगळं तिथलं. डिसेंबरात मुलीच्या पत्त्यावर जाडजूड पाकीट येतं आणि त्यात नाताळची भेटकार्डं. ओहायोची मैत्रीण, शाळेतली जुनी सहकारी, पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या गल्लीतले शेजारी, या सगळ्यांनी टेक्ससला पाठवलेली आणि तिथून इथे आलेली. आई ती दोरीला चिमट्यांनी अडकवून पुढच्या काचेच्या आतून लावतात.

माझी आई साताऱ्याहून आली की तिचे सहा महिने याच दिवसांवरून जातात. विमानतळावर शिक्का मारतात तो साधारण तेवढ्याच मुदतीचा, आणि आपल्याकडचे बहुतेक आईवडील ती मुदत मुलांच्या घरातल्या एका खोलीत काढतात. पहाटे पाचला तिला जाग येते. घरात सगळे झोपलेले, म्हणून ती मिक्सर लावत नाही, कुकरची शिट्टी होऊ देत नाही, दिवासुद्धा लहान लावते. समोर गाडीत त्या वेळी उजेड असतो. एका पहाटे ती शाल पांघरून तिकडे गेली. इंग्रजी तिला थोडं समजतं, बोलता येत नाही. शेजारणीच्या आईंना मराठीचा गंध नाही. पण त्यांनी गॅस दाखवला, आईने घरून आलं आणि चहापूड नेली, आणि पुढे ते रोजचंच झालं. परत येऊन ती मला म्हणाली, ‘‘गाडीतल्या बाईंचं बरं आहे गं. पातेलं कुठे ठेवायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही.’’

मला वाटतं, या सगळ्या खटाटोपाचं कारण तिने एका वाक्यात पकडलं. मुलं प्रेमाने वागवतात, आम्हीही वागवतो. पण आयुष्यभर स्वतःचं स्वयंपाकघर चालवलेल्या बाईला दुसरीच्या स्वयंपाकघरात, मग ती पोटची लेक का असेना, प्रत्येक डबा विचारून उघडावा लागतो. गाडीतल्या बाई तो प्रश्न बरोबर चाकांवर घेऊन येतात आणि सोडवूनच येतात. त्याची किंमत म्हणजे थंडीत रोज गुंडाळायची नळी. ती किंमत मला रास्त वाटते.

नाताळच्या आठवड्यात तलावावर एका संध्याकाळी सगळे आपापला पदार्थ घेऊन जमतात. कुणाची मुलं दूर, कुणाला मुलं नाहीत, कुणी कॅम्पग्राउंडवर जागेच्या बदल्यात काम करणारे स्वयंसेवक. यांच्यातले बरेच एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, उन्हाळ्यात उत्तरेला भेटतात आणि हिवाळ्यात पुन्हा कुठेतरी. आम्ही मसालेभात नेला होता. शेकोटीभोवती गप्पा चालल्या त्या टायरच्या. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी वयाने जातात, त्यामुळे बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे बघायचे: 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं झाली की रबर वरून कितीही चांगलं दिसो, बदलायचं. एका बाईंनी बॅटरी घेऊन आम्हाला स्वतःच्या गाडीचे आकडे दाखवले. मग हळूहळू बोलणं माणसांच्या वयावर आलं.

गाडीच्या किल्ल्या कायमच्या कधी टांगायच्या, हा प्रश्न तिथे प्रत्येकाच्या मनात असतो आणि तो ते टाळत नाहीत, याचा मला आदर वाटतो. लिव्हिंग्स्टनला क्लबने त्यासाठीही सोय केली आहे: ज्यांना आता चालवणं झेपत नाही, ते आपल्याच गाडीत राहतात आणि जेवणाखाण्याची, देखभालीची मदत तिथे मिळते. कुणी तो पर्याय निवडतात, कुणी मुलांजवळ छोटं घर घेतात. आमच्या शेजारणीच्या वडिलांना रात्रीचं आता कमी दिसतं, म्हणून अंधार पडण्याआधी मुक्काम गाठायचा नियम आहे आणि निम्मं चालवणं आईंकडे गेलं आहे. उलटी घेताना मात्र अजून तेच बसतात.

मुलगी आता गावाबाहेर, असोसिएशन नसलेली जागा शोधते आहे. घरापेक्षा आधी ती बाजूची मोकळी जमीन बघते: चौतीस फुटी गाडी वळेल का, ट्रक येण्याएवढा रस्ता आहे का, सेप्टिक टाकी कुठल्या बाजूला आहे. वडिलांनी वहीत नकाशा काढून दिला आहे. सिमेंटचा ओटा, 50 ॲम्पिअरचा पॉइंट, खाली पुरलेली वायर, थंडीत न गोठणारा नळ, आणि सांडपाण्याला जमिनीतच तोंड. पायवाट गाडीच्या दारापासून मुलीच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, आणि तिच्या कडेने कठडा, कारण पुढेमागे धरायला लागेल. आईंनी त्यावर एकच दुरुस्ती सुचवली: गाडीतल्या ओट्यासमोरची खिडकी पूर्वेला हवी.