शेजारी जाऊन बसणारा माणूस

सकाळी फिरून झाल्यावर बागेतल्या कट्ट्यावर नेहमीची मंडळी जमतात. त्यांतले एक गृहस्थ नुकतेच कानाला श्रवणयंत्र लावू लागलेले असतात. कुणी तरी हळू आवाजात काही विचारतो, त्यांना ते नीट ऐकू येत नाही, ते भलतेच उत्तर देतात आणि कट्टा हसतो. पहिल्या दिवशी तेही हसतात. पुढे मात्र हा रोजचाच खेळ होऊन बसतो. एक जण आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलल्याचे सोंग करतो, दुसरा म्हणतो, ‘बॅटरी संपली वाटतं!’ पंधरा दिवसांत ते यंत्र खिशात जाते आणि महिन्याभरात गृहस्थांचे येणेच थांबते. कुणी विचारलेच, तर ‘गुडघे दुखतात’ एवढेच ते सांगतात.

हे दृश्य कोणत्याही गावात दिसू शकते. आपण त्याला थट्टा म्हणून सोडून देतो. पण थट्टेत दोन्ही बाजू हसतात, छळात एकच. शाळकरी मुलांमधील छळाचा आयुष्यभर अभ्यास करणारे नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या होत्या: तो हेतुपुरस्सर असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि ज्याला त्रास होतो, त्याला प्रतिकार करणे कठीण असते. या खुणा शाळेच्या फाटकापाशी संपत नाहीत. कट्ट्यावर, वृद्धाश्रमाच्या भोजनगृहात आणि घराच्या बंद दारामागेही त्या आढळतात.

याची किंमत केवळ मनाला मोजावी लागत नाही. स्मृतिभ्रंश टाळता येण्याजोगी किंवा लांबवता येण्याजोगी जी चौदा कारणे ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये नोंदवली, त्यांत श्रवणदोष आणि सामाजिक एकाकीपणा ही दोन्ही आहेत. यंत्र खिशात घालून घरी बसलेल्या त्या गृहस्थांच्या वाट्याला ही दोन्ही एकदम येतात.

आपण गप्प का राहतो?

कट्ट्यावरचे सगळेच काही दुष्ट नसतात. निम्म्याहून अधिकांना ते हसणे खटकत असते, पण ‘कुणी तरी बोलेल’ असे प्रत्येकालाच वाटते. १९६८ मध्ये अमेरिकेत बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी एक प्रयोग केला. दुसऱ्या खोलीतील विद्यार्थ्याला झटका आल्याचा आवाज सहभागी विद्यार्थ्यांना ऐकवण्यात आला. आपण एकटेच हे ऐकत आहोत असे ज्यांना वाटले, त्यांच्यापैकी ८५ टक्के तो झटका थांबण्यापूर्वी मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटले, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. जबाबदारी वाटली गेली की प्रत्येकाचा वाटा हलका होतो आणि शेवटी ती कुणाचीच उरत नाही.

पण या चित्राला दुसरी बाजूही आहे. ॲमस्टरडॅम, केपटाऊन आणि लँकेस्टर या तीन शहरांतील रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचे कॅमेऱ्यातील चित्रण संशोधकांनी तपासले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की दहांपैकी नऊ प्रसंगांत किमान एका त्रयस्थाने मध्ये पडून काही तरी केले होते. म्हणजे माणूस स्वभावतः पाठ फिरवणारा नाही. पहिले पाऊल कुणी टाकायचे, एवढ्यावरच तो अडतो.

पहिले पाऊल लहान असते

कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात २००७ मध्ये एका शाळेत नववीतला नवा मुलगा गुलाबी शर्ट घालून आला, म्हणून काही मुलांनी त्याला धमकावले. बारावीतील डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस या दोघांना ते सहन झाले नाही. तरीही ते मारामारीला गेले नाहीत. त्यांनी स्वस्त दुकानातून पन्नास गुलाबी सदरे आणले, ते मित्रांना वाटले आणि एकट्या मुलाचे एकटेपण संपवले. कॅनडात आजही दर फेब्रुवारीत ‘गुलाबी शर्ट दिन’ पाळला जातो.

आपल्याला सदरे वाटण्याची गरज नाही. उद्या कट्ट्यावर कुणाची टवाळी सुरू झाली, तर टवाळखोराशी वाद न घालता त्या व्यक्तीच्या शेजारी जाऊन बसावे. तिच्याकडे तोंड करून, शांतपणे आणि स्पष्ट उच्चारात वेगळाच विषय काढावा. जमल्यास एक वाक्य बोलावे: ‘आता पुरे, हे मला बरे वाटत नाही.’ बहुतेकदा या वाक्याची वाट पाहणारे आणखी दोघे-तिघे तिथेच असतात. तेही नाही जमले, तर संध्याकाळी घरी जाऊन ‘तुम्ही आला नाहीत, चुकल्यासारखे वाटले’ एवढे तरी सांगावे.

घराच्या दाराआड

घरातील प्रसंग अधिक नाजूक असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, साठी ओलांडलेल्या सहांपैकी एका व्यक्तीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या दुर्व्यवहाराला सामोरे जावे लागते. ओरडणे, जेवणावरून बोलणे, निवृत्तिवेतनाचे पुस्तक काढून घेणे, औषधासाठी ताटकळत ठेवणे हे सारे त्यात येते. ‘त्यांच्या घरातला प्रश्न’ म्हणून शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली, की त्या वृद्धेचा शेवटचा साक्षीदारही नाहीसा होतो.

शुश्रूषा करणाऱ्यांनीही येथे स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहावे. रात्र-रात्र जागून थकलेल्या सुनेचा किंवा मुलाचा आवाज चढतो, तेव्हा त्यामागे नेहमी क्रौर्यच असते असे नाही. पण तो रोज चढू लागला, तर विसाव्याची वेळ आली आहे असे समजावे. अशा घरी ‘आज दोन तास मी बसतो त्यांच्याजवळ’ असे म्हणणारा शेजारी दोन जीवांना आधार देतो.

जिथे धमकी, मारहाण किंवा हाकलून देण्याची भाषा असेल, तिथे एकट्याने धाडस करू नये. तातडीच्या धोक्यात ११२ वर फोन करावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. स्वतः अर्ज करणे शक्य नसल्यास ज्येष्ठ व्यक्ती दुसऱ्या कुणाला किंवा एखाद्या संस्थेला त्यासाठी अधिकार देऊ शकते. ती ‘दुसरी व्यक्ती’ होणे, हेही शौर्यच आहे.

शौर्य म्हटले, की आपल्याला तलवार किंवा पुरात उडी घेणारा तरुण आठवतो. पण सत्तरी ओलांडलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या माणसालाही करता येईल असे शौर्य आहे. कट्ट्यावरची एक जागा काही दिवसांपासून रिकामी असेल, तर आज परतताना वाट थोडी वाकडी करून त्या घराची बेल वाजवावी. दार उघडायला वेळ लागेल. कदाचित यंत्र अजून खिशातच असेल. थोडे थांबावे.